गाभाऱ्यात सरकार

काही वर्षांपूर्वीची आषाढी. पंढरपूरच्या दर्शनबारीत, पत्राशेडच्या अलीकडे, मध्यरात्र उलटून गेल्यावर रांग थांबली. म्हणजे आधीही ती मुंगीच्याच पावलाने चालली होती, पण आता पुढचे लोक बसायलाच लागले. माझ्यापुढे परभणीकडच्या एक आजी होत्या. काखेत बोचके, हातात प्लास्टिकची बाटली. त्यांनी टाचा उंचावून पाहिले आणि विचारले, "काय झालं रं बाबा?" पुढून कोणी तरी सांगितले, "सरकार आत गेलंय. पूजेला." आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आन् भाईर कवा येतंय?"

लोक हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांना खरेच वेळ जाणून घ्यायची होती. धर्मनिरपेक्षतेवर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, चार-दोन परिसंवादांत मागच्या खुर्चीवर बसून जांभयाही दिल्या आहेत. पण या प्रश्नाइतका नेमका प्रश्न तिथे कोणी विचारल्याचे आठवत नाही.

शासकीय महापूजा हा प्रकार महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी दरवेळी पंचाईत होते. आषाढी एकादशीच्या पहाटे अडीचच्या आसपास राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची पूजा करतात. त्यांच्याबरोबर रांगेतून निवडलेले एक वारकरी जोडपे असते, त्याला 'मानाचे वारकरी' म्हणतात आणि एसटीचा वर्षभराचा मोफत पास देतात. कार्तिकीला हाच मान उपमुख्यमंत्र्यांचा. २०२३ मध्ये राज्याला दोन उपमुख्यमंत्री होते, तेव्हा कार्तिकीची पूजा दोघांपैकी कोणी करायची याची विचारणा मंदिर समितीला विधी व न्याय विभागाकडे करावी लागली. देवापुढे कोणी बसायचे हे मंत्रालयातली फाइल ठरवणार! नामदेवांनी याच्यावर एखादा अभंग नक्की केला असता.

या पूजेला विरोध आजचा नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी निधर्मी राज्यात सरकारी पूजा कशाला, असा आवाज उठवला आणि पूजा बंद पडली. मग बहात्तरचा दुष्काळ आला, लोक म्हणाले विठोबा कोपला, आणि सरकारने निमूटपणे पूजा पुन्हा सुरू केली. पंढरपुरात ही हकीकत अशी सांगतात. तिच्यातले कार्यकारण बाजूला ठेवू, दुष्काळ मात्र खरा होता आणि भीषण होता. पुढे २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आषाढीला पंढरपूरला गेले नाहीत. त्यांनी मुंबईत घरी पूजा केली आणि इकडे महापूजा त्यांच्यावाचून पार पडली. आता कोणी म्हणेल की त्याही वर्षी ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालाच की. झाला. पण २०१५ च्या आषाढीला मुख्यमंत्री गाभाऱ्यात होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विठोबाचा हिशेब इतका सरळ असता तर जलसंपदा खाते बंद करून टाकता आले असते.

माझे म्हणणे या पूजेपुरते आहे आणि पूजेपुरते नाहीही. आपण 'धर्मनिरपेक्षता' या शब्दावर पन्नास वर्षे भांडतो आहोत आणि त्या भांडणात पूजेची रांग कोणी थांबवली हे विचारायचे राहून जाते.

शब्दाचा घोळ आधी निपटू. मराठीत 'धर्म' हा शब्द फार पसरट आहे. पाण्याचा धर्म खाली वाहण्याचा, शेजाऱ्याशी वागायचे तो शेजारधर्म, मुक्कामाला धर्मशाळा, आणि देवस्थानांचे हिशेब तपासणारा सरकारी अधिकारी तर चक्क धर्मादाय आयुक्त. अशा भाषेत 'धर्मनिरपेक्ष' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस शेजारधर्मही पाळत नसणार. 'निधर्मी' तर शिवीच झाली. 'इहवादी' हा अर्थाने अचूक शब्द, पण तो विद्वानांच्या बैठकीबाहेर पडलाच नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'सेक्युलर' हा शब्द घातला तेव्हा हिंदी प्रतीत 'पंथनिरपेक्ष' आले आणि मराठीत 'धर्मनिरपेक्ष' राहिले. त्यावरूनही वाद घालणारे आहेत. त्याआधी १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शाह यांनी हा शब्द घटनेतच घालावा अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली होती, ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली नाही. हा प्रसंग हल्ली फार उगाळला जातो. पण कलम १५, १६, २५ ते २८ ही सगळी मूळ घटनेत पहिल्या दिवसापासून होती. सरकारच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर घेता येणार नाही, नोकरीत धर्म पाहता येणार नाही, हे सांगायला उद्देशिकेतल्या विशेषणाची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो शब्द काढण्याच्या याचिकाही फेटाळल्या. शब्द राहिला काय नि गेला काय, कलमे तिथेच आहेत.

खरी अडचण दुसऱ्या एका गोड शब्दाने केली आहे. सर्वधर्मसमभाव. ऐकायला किती बरे वाटते! सरकारने सगळ्या धर्मांवर सारखी माया करावी, आषाढीला पूजा, रमजानात इफ्तार, नाताळात केक. मला हे मान्य नाही. समभाव हा राजाचा गुण आहे. राजा कृपाळू असला तर सर्व देवळांना, मशिदींना इनामे देतो, आणि लहर फिरली तर काढूनही घेतो. माझे आजोबा निजामाच्या राज्यातले. त्या राज्यात काही देवस्थानांना सरकारी खजिन्यातून अनुदाने मिळत असत, आणि त्याच राज्यात 'गश्ती ५३' नावाच्या फर्मानामुळे सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. आजोबा सांगायचे, देवाला तेल मिळायचे, माणसाला तोंड उघडता यायचे नाही. नागरिकाला माया नको असते. त्याला असे राज्य हवे असते की ज्याच्या दारात उभे राहिल्यावर आपण कोणत्या देवाचे, हे कोणी विचारणार नाही.

हे मराठी बोलणाऱ्यांना दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण आपल्यातल्या काहींनी हे दुसऱ्या बाजूने भोगले आहे. गोव्यात पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात देवळे पाडली तेव्हा मंगेश आणि शांतादुर्गा खाडीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, न्याव्या लागल्या. त्यानंतरची साडेतीनशे वर्षे तिथल्या हिंदूंच्या डोक्यावर कॅथलिक धर्म मानणारे राज्य होते. पुढच्या काळात छळ ओसरला, देवळांना मोकळीक मिळाली, पण राज्याचा धर्म एक आणि आपला दुसरा, ही गाठ काही सुटत नव्हती. ती सुटली ऑक्टोबर १९१० मध्ये, आणि तीही गोव्यात नव्हे, लिस्बनमध्ये. तिथे राजेशाही उलथली, प्रजासत्ताक आले आणि पुढच्या वर्षी चर्च आणि राज्य वेगळे करणारा कायदा झाला. त्या फेरबदलात गोव्यातला हिंदू कायद्याने बरोबरीचा नागरिक झाला, नोकरी-शिक्षणाची दारे त्याला उघडली. पोर्तुगालमधल्या प्रजासत्ताकवाद्यांना गोव्यातल्या भटा-शेणव्यांचे काही पडले नव्हते. त्यांचे भांडण स्वतःच्या पाद्र्यांशी होते. पण राज्याने स्वतःच्या देवासमोरून उठायचे ठरवले की दूर कुठे तरी दुसऱ्याच देवाचा माणूस ताठ उभा राहू शकतो. आज गोव्यात किंवा महाराष्ट्रात बहुसंख्य म्हणून वावरताना आपण ते १९१० विसरतो. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला ते विसरून चालत नाही, कारण त्याचा गणपती ज्या कायद्याच्या आधाराने बसतो तो कायदा सरकारला ख्रिस्ती व्हायला मनाई करतो.

मग सरकारने देवळात पाऊलच टाकू नये का? इथे मी युरोपातल्या धर्मनिरपेक्षतेपासून वेगळा होतो, आणि त्याला कारण पंढरपूरच आहे.

महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्याजवळ चोखोबांची समाधी. चौदाव्या शतकातला हा संत जन्माने महार, म्हणून आत जाऊ शकला नाही, आणि त्याची समाधीही बाहेरच. सहाशे वर्षे लाखो लोक चोखोबांचे अभंग गात त्या पायरीवरून आत गेले आणि चोखोबांचे जातभाई बाहेर थांबले. शेवटी १ मे १९४७ ला साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. गांधीजींनीसुद्धा, त्यांच्यापर्यंत पोचलेल्या चुकीच्या माहितीवरून, ते थांबवायला सांगितले होते. गुरुजी हटले नाहीत. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली आणि दहाव्या दिवशी दार उघडले. लक्षात घ्या, स्वातंत्र्याला तीन महिने उरले होते. पुढे घटना आली, आणि तिने धर्मस्वातंत्र्याच्या कलमातच, २५ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात, हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व थरांतल्या हिंदूंना खुली करण्याचा आणि धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्याला दिला. गाभाऱ्याला कुलूप लावून आत जात चालू ठेवायची मुभा या देशातल्या धर्मस्वातंत्र्याने कधी दिलीच नव्हती.

त्यानंतरचा टप्पा पैशांचा. बडवे आणि उत्पात या घराण्यांचे देवळावर पिढीजात हक्क होते, शिवाय सेवाधारी, म्हणजे पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. देवापुढच्या उत्पन्नाचे लिलाव होत, आणि लिलावात पैसे ओतलेला माणूस ते वारकऱ्याच्या खिशातून वसूल करी. नाडकर्णी आयोगाने याची चौकशी केली, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, हक्क रद्द झाले. कज्जे चालतच राहिले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या जागांसाठी सर्व जातींकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. एका कायद्याला चाळीस वर्षे लागली. पण मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या धर्मनिरपेक्षतेचा इतिहास हाच आहे: १९४७, १९७३, २०१४. तिन्ही वेळा कोणी देव नाकारला नाही. देवाच्या नावावर माणसांनी घेतलेला कब्जा नाकारला.

आता या माझ्याच युक्तिवादातून एक चोख आक्षेप निघतो आणि तो मला बरेच दिवस छळत होता. २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. सोलापूरचे, दलित कुटुंबातले, कोर्टात पट्टेवाला म्हणून नोकरी केलेले. महापूजेचा मान पदाने त्यांच्याकडे आला. ज्या जिल्ह्यातल्या देवळात १९४७ पर्यंत त्यांच्या वाडवडिलांना पाऊल टाकता येत नव्हते, तिथला पहिला मान. मग शासकीय महापूजा ही लोकशाहीची केवढी मोठी गोष्ट झाली! जन्माने मिळणारा मान मतांनी मिळू लागला. हे खोटे ठरवता येत नाही, आणि मी ठरवणारही नाही. माझ्या एका स्नेह्याने तर मला सुनावले होते, "तुम्हांला आत्ताच बरी धर्मनिरपेक्षता आठवली, मान आमच्याकडे आल्यावर."

त्याला उत्तर देताना मी आधी नुसता चाचरलो. नंतर सुचले ते असे. याच राज्याला १९८० मध्ये बॅरिस्टर अंतुले यांच्या रूपाने मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला. उद्या एखादा बौद्ध मुख्यमंत्री येईल, आणि येईलच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा त्याच्या घरात भिंतीवर लावलेल्या असतील. त्या प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची पूजा करणार नाही असे स्पष्ट आहे. म्हणजे त्याने काय करायचे? प्रतिज्ञा मोडायची, की दुसऱ्या मंत्र्याला पाठवून 'हा आपल्यातला नाही' अशी कुजबुज ऐकून घ्यायची? ज्या पदाचे काम करताना काही नागरिकांना आपला धर्म दारात काढून ठेवावा लागतो, ते पद सगळ्यांचे राहत नाही. जात मोडणारा मान धर्माच्या कुंपणाशी येऊन थांबतो. आणि जातीचे कुंपण मोडायला मुख्यमंत्री लागतच नाहीत. रांगेतून उचललेले ते वारकरी जोडपे आहेच की तिथे. ते कुठल्याही जातीचे असू शकते, त्याला निवडून यावे लागत नाही, पक्ष लागत नाही. चोखोबाला न्याय त्या जोडप्याने मिळतो.

बौद्ध मुख्यमंत्र्याचे उदाहरण मला सुचले त्यामागे एक जुना सल आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात तीस वर्षे काढली. नाव कशाला सांगू, सगळी सारखीच. श्रावणात कार्यालयात सत्यनारायण व्हायचा. साहेबांच्या केबिनशेजारची मोकळी जागा, केळीचे खुंट, चौरंग, आवक-जावक विभागातली कोणी तरी नवी लग्न झालेली जोडी पूजेला, आणि प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी. ती गोळा करायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. आमच्यातले एक वरिष्ठ लिपिक बौद्ध होते. ते वर्गणी देत. न मागता, यादी फिरायच्या आधी माझ्या टेबलावर नोट ठेवून जात. आणि बरोबर पूजेच्या वेळी 'ट्रेझरीत बिल टाकून येतो' म्हणून बाहेर पडत. एका वर्षी साहेबांनी शिऱ्याचा द्रोण हातात धरून सगळ्यांसमोर विचारले, "हे दरवर्षी यालाच बरी ट्रेझरी आठवते?" सगळे हसले. मीही हसलो. त्यांची गोपनीय नोंद त्याच साहेबांच्या हातात होती. त्या पन्नास रुपयांना वर्गणी म्हणायचे का, हे मला तेव्हा सुचले नाही. निवृत्त झाल्यावर सुचले, म्हणजे काही उपयोग नसताना.

तुम्ही म्हणाल, सत्यनारायण म्हणजे नुसता आनंद, शिरा, चार गप्पा. बहुसंख्याला आपला धर्म धर्म वाटतच नाही, तो त्याला हवेसारखा वाटतो. गुजरात उच्च न्यायालयाच्या आवारात २०१० मध्ये नव्या इमारतीचे भूमिपूजन झाले. न्यायालयात असे विधी नकोत म्हणून एका नागरिकाने याचिका केली, तर ती फेटाळून त्यालाच वीस हजार रुपयांचा दंड झाला. जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कार्यालयांतल्या आणि शाळांतल्या देवादिकांच्या तसबिरी काढण्याबद्दल परिपत्रक काढले. सत्तेतल्याच शिवसेनेने आवाज चढवला आणि परिपत्रक मागे घेतले गेले. तसबिरी काढायला हव्या होत्या असे मला वाटते का? भिंतीवरचा फोटो राहिला तरी मला फारसे काही वाटत नाही. त्या फोटोखाली उभे राहून साहेब कोणाकडे कसे पाहतो, ते मला पाहायचे असते. वर्गणीची यादी, पूजेची सक्तीची हजेरी, प्रसाद नाकारणाऱ्याला मारलेला टोमणा, हे बंद करायला परिपत्रक पुरते, फक्त ते टिकायला हवे.

इथवर वाचून काहींच्या ओठांवर प्रश्न आला असेल: सगळा उपदेश हिंदूंनाच का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पुरोगाम्यांनी आजवर तोंड चुकवत दिले आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. सात! त्यांच्या मागे किती पक्ष उभे राहिले ते मोजायला एका हाताची बोटेही लागणार नाहीत. १९८५ मध्ये शाहबानो तलाकनंतरच्या पोटगीचा खटला जिंकली आणि १९८६ मध्ये संसदेने कायदा करून तिच्या हातातला निकाल काढून घेतला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बहिष्कृत माणसाला जमातीच्या मशिदीत जागा नाही, कब्रस्तानात जागा नाही, आणि कायदा म्हणतो की हे त्यांचे धर्मस्वातंत्र्य. त्या निकालाचा फेरविचार आता नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे आहे. चोखोबाला बाहेर ठेवणे जर धर्मस्वातंत्र्य नसेल, तर बोहरा सुधारकाला बाहेर ठेवणे कसे काय असू शकते? ज्याला पहिले दिसते आणि दुसरे दिसत नाही, त्याच्या धर्मनिरपेक्षतेवर लोक विश्वास ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे सरळ करून दाखवले. एप्रिलच्या पहिल्या तारखेला शनिशिंगणापूरच्या बाजूने न्यायालय बोलले, पुरुष जातात तिथे स्त्रियांनाही जाता येईल. आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, बायका चौथऱ्यावर चढल्या. ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने हाजी अलीच्या दर्ग्याबद्दल तेच म्हटले. दोन्हीकडे देव-पीर आहेत तिथेच आहेत.

सरकारी इफ्तारचेही तेच. डॉ. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले आणि २००२ मध्ये त्यांनी राष्ट्रपती भवनातली इफ्तार मेजवानी बंद करून तो पैसा अनाथाश्रमांकडे वळवला. २०१८ मध्ये रामनाथ कोविंद यांनी करदात्यांच्या पैशातून राष्ट्रपती भवनात कुठल्याच धर्माचा सण साजरा होणार नाही असे ठरवले. एक मुस्लिम, एक हिंदू, आणि दोघांनाही तेच सुचले. कोणाचा धर्म बुडाला? मला तरी बातमी आठवत नाही. मग २२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान अयोध्येत यजमानपदी बसलेले पाहून ज्यांना धक्का बसला, त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की पंढरपुरात काँग्रेसचे मुख्यमंत्री सोवळे नेसून बसत होते तेव्हा आपण कुठे होतो? पाट तेव्हाच मांडला गेला होता.

हल्ली 'मंदिरे सरकारमुक्त करा' अशी मागणी जोरात आहे, पंढरपूरच्या १९७३ च्या कायद्यालाही उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. या मागणीत अर्धे सत्य आहे. देवस्थान समित्यांवर पक्षातल्या नाराजांची सोय लावतात हे कोणाला माहीत नाही? तुळजापूरला तर जिल्हाधिकारी अध्यक्ष असताना दानपेट्यांच्या लिलावातल्या गैरव्यवहाराची चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली. शिर्डी संस्थानाने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी सरकारला ५०० कोटी बिनव्याजी द्यायचे ठरवले, म्हणजे देव सावकार आणि सरकार कूळ. हे सगळे थांबावे. पण 'फक्त हिंदूंचीच देवळे का' या ओरडीला महाराष्ट्रात तितका आधार नाही. इथला १९५० चा विश्वस्त कायदा देऊळ, चर्च, अग्यारी सगळ्यांच्या न्यासांना लागू आहे, वक्फसाठी वेगळा कायदा आहे, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठीही १९५६ पासून राज्याचा कायदा आहे. आणि मुक्त करून देवळे द्यायची कोणाकडे? भक्तांकडे, असे म्हणतात. भक्त म्हणजे कोण, याची यादी कोण करणार? पुन्हा बडवेच पुढे येतील, फक्त या वेळी त्यांच्या मागे चार्टर्ड अकाउंटंट असेल. सरकारने हिशेब तपासावेत, दार सगळ्यांना उघडे आहे ना ते पाहावे, चेंगराचेंगरी होऊ देऊ नये, आणि आरती सुरू झाली की बाहेर येऊन उभे राहावे.

मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला जाऊ नये असे मी म्हणत नाही. ते भक्त असतील तर दर्शनाला जावे, इतर भक्तांसारखे. पूजा मानाच्या वारकरी जोडप्याने करावी. २०१८ मध्ये मुख्यमंत्री आले नव्हते, तरी वारकरी आत होतेच. आणि मुख्यमंत्र्यांना त्या रात्री काम काही कमी नसते. पासष्ट एकरांवर राहुट्या पडलेल्या असतात, तिथल्या नळांना पाणी आहे का पाहावे. चंद्रभागेच्या वाळवंटात बायकांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या शौचालयांची दारे आतून लागतात का ते एकदा स्वतःच्या हाताने ओढून पाहावे. दर्शनबारीत पंखे फिरतात की नुसते टांगलेत, डॉक्टर जागा आहे की खुर्चीत झोपलाय, ते पाहावे. अडीच वाजता पत्राशेडमध्ये यावे.

तिथे त्या आजी बसलेल्या असतील, बोचक्यावर डोके टेकून. रांग हलली की त्यांना उठवायचे, एवढेच.